माका घुंवळ इली

"फू कर बघू," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर मी काम मागायला उभी होते. तो तिथला भरती करणारा माणूस. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र. माझं आधारकार्ड त्यानं दोन बोटांत धरलं होतं, ओल्या फडक्यासारखं. त्यानं परत सांगितलं, "अगे, फू कर. तोंडानं. वास बघू दे."

मी फू केलं.

हो, केलं. लग्न झालेली, एका मुलीची आई असलेली बाई मी. भर सकाळी, कोरगाव-पेडण्याच्या बायांच्या ओळीसमोर, मी परक्या पुरुषाच्या तोंडावर फू केलं. कारण मला काम हवं होतं. त्यानं नाक पुढे आणलं. हुंगलं. मग ओळीकडे बघून म्हणाला, "आज घेतलेली नाही वाटतं." रखवालदार हसला. मागची एक बाईसुद्धा हसली. तिचा मला राग नाही, तिलाही तिथंच काम मागायचं होतं.

कार्ड परत देताना तो म्हणाला, "तुझं नाव आहे आमच्याकडे. आधीच्या कंपनीत दारू पिऊन पडलीस ना? सरकारी रिपोर्टात आहे तसं. उगाच कशाला फेऱ्या मारतेस?"

दारू. मी.

माझे बाबा भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, बागायतीत काजूची बोंडं मळायचे, त्याच्याच भाटीवर दारू गाळायचे. काजूच्या दिवसांत हुर्राकाचा, पहिल्या धारेच्या दारूचा, वास आमच्या घरात कपड्यांना, केसांना, भाताला. त्या वासानंच मला लहानपणी शिसारी बसली. पोट दुखलं तर आई बेंबीवर फेणी चोळायची, तेवढाच माझा आणि फेणीचा संबंध. आणि हा मला सांगतो, सरकारी रिपोर्टात आहे.

घरी जाताना मी बसमध्ये बसलेच नाही. जागा होती तरी उभी राहिले. बसले असते तर रडले असते, आणि रडलेली बाई बघितली की लोकांना वाटतं हिचंच काहीतरी चुकलंय.

आता आधीच्या कंपनीतलं सांगते.

तीही त्याच वसाहतीत. मी पॅकिंगला होते. ठेकेदाराची बाई, कंपनीची नाही. डब्यांवर छापील अक्षरं वाकडी आली की ती थिनरनं पुसायची आणि डबा परत छपाईला द्यायचा. दिवसभर फडकं, थिनर, डबा. खोलीला जनेल एकच, तेही खिळे मारून बंद केलेलं, धूळ येते म्हणून. वास बाहेर फेकायला भिंतीत एक मोठा पंखा होता. तो बंद पडला. आम्ही सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, "मिस्त्री उद्या येतो." हा उद्या काही येईना. माझ्या शेजारी दर्शना बसायची, आमच्याच गावची, माहेरची डिचोलीतल्या लाटंबार्श्याची. ती म्हणायची, "गे, ह्यो मिस्त्री पायांनी चलत येता काय?" आम्ही हसायचो आणि फडकं फिरवायचो.

एक दिवस मी डबा ठेवायला उठले आणि भिंत सरकली. पुढचं आठवत नाही. लोखंडी टेबलाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं. दर्शनानं मला ओढत बाहेर काढलं आणि पायरीवर बसून स्वतः ओकली. त्या दुपारी आणखी दोघी जणी ओकल्या होत्या. मला इस्पितळात नेलं, टाके घातले.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात खात्याचा इन्स्पेक्टर आला. कारखान्यांत माणसं सुरक्षित आहेत की नाहीत हे बघायला सरकारचं एक खातं आहे, त्याचा. आणि खरं सांगते, तो मला आवडला. माझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसला. कोकणीतून बोलला. नाव, गाव, बाप काय करायचा ते विचारलं. "कितें जालें तें सांग गो, भियेनाका." मला वाटलं, आपलाच माणूस. आपल्याच भाषेत विचारतोय, आता काय भ्यायचं?

मी सांगितलं. जसं घरी सांगितलं असतं तसं सांगितलं.

"पंखो बंद होतो. थिनराचो वास भरललो. माका घुंवळ इली नि मी पडलंय."

एवढंच. तो इंग्रजीत लिहीत गेला. मी इतकंसं बोलले आणि त्याचं पेन थांबेना. मग कागद फिरवून म्हणाला, "हांगा सय कर." वाचून दाखवला नाही. मी केली सही. तो दर्शनाकडेही गेला, त्या दोघींकडेही गेला. सगळ्यांच्या सह्या घेऊन गेला.

आमच्याकडे उन्हात डोकं फिरलं तरी घुंवळ. गरोदर बाईला चुलीपुढे गरगरलं तरी घुंवळ. उपासाच्या दिवशी देवळात कोणी खाली बसलं तरी घुंवळ. आणि दारू चढली तरी घुंवळच. शब्द एकच. कोणती घुंवळ ते ऐकणाऱ्याला कळतं. समोर डोकं फुटलेली बाई आहे, थिनरचा वास सांगतेय, पंखा बंद होता म्हणतेय. अशा बाईची घुंवळ कुठली, हे आमच्या गावात गाईराखणीलाही विचारावं लागत नाही. त्या इन्स्पेक्टरच्या घरात कधी कोणाला उन्हाची घुंवळ आली नसेल? त्याच्या आईला? बायकोला? आली असेल. तेव्हा त्यानं लिंबू-पाणीच दिलं असेल.

टाके निघाले तेव्हा ठेकेदारानं सांगितलं, काम संपलं. का, ते सांगितलं नाही. मी म्हटलं, जाऊ दे, वसाहतीत कारखान्यांना तोटा नाही. आणि मग त्या गेटवर ते फू.

मी पणजीला गेले. म्हापशाला बस बदलून. खात्याच्या ऑफिसात एक क्लार्कबाई होती. मी म्हटलं, माझी जबानी घेतली होती, तिची प्रत पाहिजे.

"कुठल्या कंपनीची तू?"

"कंपनीची नाही. माझी जबानी."

"म्हणजे कंपनीच्या फायलीतली. कंपनीला विचार."

"अहो बाई, मी बोललेलं मी कंपनीला विचारू?"

ती शेजारच्या टेबलाकडे बघून हसली. "ह्यांना काय, कोणीतरी शिकवून पाठवतं," म्हणाली. आणि चहा घ्यायला उठून गेली. मी बांकावर बसून राहिले. ती परत आली ती खुर्ची दुसरीकडे वळवूनच बसली.

आमच्या गावात माहितीच्या हक्काचं नवल कोणाला नाही. डोंगर कापला, घाल अर्ज. शेतात माती भरली, घाल अर्ज. पंचायतीनं रस्ता कागदावरच केला, घाल अर्ज. ग्रामसभेत भांडणारे बाप्ये अर्जाचे गठ्ठे घेऊन फिरतात. पण स्वतःविषयी अर्ज घातलेलं कोणी नव्हतं. मी अर्ज घालते म्हटल्यावर त्यातला एक म्हणाला, "तुझ्याविषयी सरकाराकडे असतला काय गे? तू काय मंत्रीण?" मी त्याच्याकडून फक्त पत्ता कुठे लिहायचा ते विचारलं. अर्ज मीच लिहिला, मराठीत. माझी जबानी मला द्या. माझ्याविषयी तुमच्याकडे जे लिहून ठेवलंय ते मला द्या.

उत्तर आलं. इंग्रजीत. मी मराठी शाळेत दहावी झालेली, इंग्रजी मला एकेक अक्षर पकडून वाचावं लागतं. पण दोन शब्द मी पकडले. पर्सनल इन्फर्मेशन. मागितलेली माहिती ही वैयक्तिक माहिती आहे, म्हणून देता येत नाही.

मी तो कागद हातात धरून हसले. आई म्हणाली, "काय झाला गो?" मी म्हटलं, "माझी खाजगी गोष्ट आहे म्हणून मलाच सांगत नाहीत."

कोणाची वैयक्तिक? माझी! माझं तोंड, माझं कपाळ, माझी सही. ती कंपनीला माहीत. शेजारच्या कंपनीच्या भरतीवाल्याला माहीत. त्याच्या रखवालदाराला माहीत. गावात दुकानावर गेले की एक जण अंगठा तोंडाकडे नेऊन विचारायचा, "बरी आसंय मां?" म्हणजे त्यालाही माहीत. सगळ्या जगात एका बाईपासून ती माहिती जपून ठेवायची होती, आणि ती बाई मी. शिरा पडो त्यांच्या कायद्यार! आणि नको, कायद्यावर नको. कायदा बरोबरच आहे. ज्यांनी तो असा वाकडा धरला त्यांच्या हातावर पडो.

आई मला समजवायची. बाबा गेल्यापासून ती भिऊनच असते. "बाये, शाण्यान कोर्टाची पायरी चडू नये. मोठ्यांच्या पाठी लागलंय तर चेडवाच्या लग्नात आडवे येतले." माझी मुलगी तेव्हा पाचवीत. मी म्हटलं, आई, तिच्या लग्नात आडवं येईल ते हेच, की तिची आवस दारू पिऊन पडली होती. मग आई काजूच्या बिया वेचायला निघून गेली. मीही तेच करत होते, बिया वेचणं, दुसऱ्याच्या बागायतीत. वसाहतीत मला कोणी उभं करत नव्हतं.

मी अपील केलं. अपील त्याच खात्यातल्या वरच्या साहेबाकडे करायचं असतं. म्हणजे भावाची तक्रार थोरल्या भावाकडे. तारीख आली. दर्शनाला म्हटलं, चल बरोबर. ती म्हणाली, "गे, माझी नोकरी आसा अजून." मी एकटी गेले.

साहेब शांत होते. मला खुर्ची दिली, चहा मागवला. हे मला आधी बरं वाटलं. बाजूला तो इन्स्पेक्टर बसला होता. माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली, ओळखीचं माणूस भेटल्यासारखी.

साहेबांनी फाईल उघडली. "प्रत देता येणार नाही, चौकशीची फाईल आहे. पण तुमच्या समाधानासाठी दाखवतो. हात लावू नका, बघा."

मी वाचलं. वेळ लागला. साहेब घड्याळाकडे बघत होते, बघू देत. माझं नाव. माझं गाव. मग एक शब्द आला तो मला वाचताच येईना. मी बोट न लावता दाखवला. "हे काय आहे?"

"इंटॉक्सिकेशन," साहेब म्हणाले. "नशा. कामगार नशेच्या अवस्थेत होती, तोल जाऊन पडली, असं तुम्हीच सांगितलंय. खाली तुमची सही आहे."

"मी घुंवळ म्हटलं."

"हो ना. म्हणजे तेच."

मी इन्स्पेक्टरकडे बघितलं. तो म्हणाला, "हुर्राकाचे दिवस होते मॅडम. कोरगाव. वडील भाटीवर. मी काय समजणार?"

तर हे असं होतं. त्यानं ऐकलं नव्हतंच. त्यानं माझं गाव ऐकलं, बापाचा धंदा विचारला, आणि माझ्या तोंडात काय असणार हे त्यानं आधीच ठरवलं. भाटकार दारू गाळून घेतो, त्याच्या बंगल्यावर मंत्री जेवायला येतात, त्याला कोणी फू कर म्हणत नाही. गाळणाऱ्याच्या मुलीला म्हणतात.

साहेबांना बहुतेक माझा चेहरा दिसला. ते म्हणाले, "बाई, भांडण नको. आम्हालाही वाटतं तुमच्यावर अन्याय होऊ नये. एक करा. लिहून द्या की जबानी देताना तुमची बोलण्यात चूक झाली, तुम्हाला चक्कर म्हणायचं होतं. आम्ही आजच दुरुस्ती करतो. नवी नोंद घालतो. तुम्हाला नोकरी मिळेल, अपील मागे घ्या, विषय संपला."

कोरा कागद आला. पेन आलं. पेन चांगलं होतं, जड.

खरं सांगते, मी घेतलं. मनात आलं, चला, सुटले. एक ओळ लिहायची. उद्या त्याच गेटवर जाऊन तो कागद त्या फूवाल्याच्या नाकावर मारायचा. आईला सांगायचं, झालं. "मी" असं लिहिलंसुद्धा.

तेवढ्यात इन्स्पेक्टर हसून म्हणाला, "आनी फुडल्या खेपेक शुद्ध उलय गो. चक्कर म्हण."

शुद्ध.

खाटेशेजारी स्टुलावर बसून माझ्या भाषेत बोलत होतास तेव्हा तुला शुद्ध नको होतं. तेव्हा गोड बोलून काढून घ्यायचं होतं. आणि आता मी शुद्ध बोलायला शिकू?

मी परत फाईलकडे बघितलं. आता अक्षर अक्षर नाही, सरळ खालपर्यंत बघितलं. काहीतरी शोधत होते आणि ते मिळेना. मी विचारलं, "पंखा कुठे आहे?"

"कुठला पंखा?"

"पंखो बंद होतो म्हणून मी सांगितलेलं. थिनरचा वास सांगितलेला. फॅन, थिनर. ह्यात ते कुठे लिहिलंय?"

साहेबांनी पान उलटलं. परत सुलटं केलं. इन्स्पेक्टरकडे बघितलं. इन्स्पेक्टर आता हसत नव्हता. म्हणाला, "ते नंतर जागेच्या पाहणीत घेतलंय. खोली व्यवस्थित होती."

मग मला सगळं उजेडात दिसलं. घुंवळ ही चूक नव्हती. घुंवळ त्याला सापडली. मी दुसरा कुठला शब्द बोलले असते तर पंखा लिहावा लागला असता. माझ्या शब्दाला दारू पाजली की पंखा कोणाला विचारायचाच नाही! आणि आता मी लिहून द्यायचं, की चूक माझी झाली. चक्कर येऊन पडली. नशा गेली, पंखाही गेला, थिनरही गेलं. कंपनी स्वच्छ, इन्स्पेक्टर स्वच्छ, साहेब स्वच्छ. आणि मी कमजोर बाई, जिला नीट बोलता येत नाही. वर चहा पाजून.

मी पेन ठेवलं. "मी" लिहिलेला कागद फाडला. फाडला तो नीट, चार तुकडे करून, आणि तुकडे पर्समध्ये टाकले. त्यांच्या टेबलावर माझं "मी" सुद्धा ठेवायचं नव्हतं मला.

साहेब म्हणाले, "असं करून तुमचंच नुकसान आहे."

मी म्हटलं, "माझी चूक झालेली नाय. मी बरोबर बोललंय. माका घुंवळ इली. चुकीचं ह्यांनी लिहिलं, चूक झाली म्हणून ह्यांनी लिहून द्यायचं. पंखो बंद होतो, तो आधी लिहा."

"मग प्रत मिळणार नाही. अपील फेटाळावं लागेल."

"फेटाळा. पण कशाला फेटाळलं ते लिहून द्या. आणि माझ्यासमोर वाचून दाखवा, मराठीतून. ह्यापुढे वाचल्याशिवाय मी सही करणार नाही. पोचपावतीवरसुद्धा."

एवढं मी आयुष्यात कोणत्याही साहेबापुढे बोलले नव्हते. आवाज चढला होता. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. साहेबांनी त्याला हातानं जायला सांगितलं आणि त्यांना वाचून दाखवावं लागलं. अडखळत वाचलं. त्यांचं मराठी काही फार शुद्ध नव्हतं.

अपील फेटाळलं. अजून मला काम नाही. त्या कपाळाच्या खुणेवर उन्हात आग होते आणि राग येतो तेव्हा ती ठणकते, म्हणजे रोजच ठणकते. गावातला तो माणूस अजून अंगठा तोंडाकडे नेतो. एकदा मी त्याला दुकानासमोरच थांबवलं आणि म्हटलं, "ये, हुंग. सगळ्यांसमोर हुंग. आनी नाय आयलो वास, तर तू फू कर, आमी हुंगतो." तो सायकल काढून गेला. आता रस्ता बदलतो.

आई म्हणते, "सय करून टाकली असतीस तर आज तुयेक कामार असतीस." असते. त्याच खोलीत नाही तर तसल्याच दुसऱ्या खोलीत. दर्शना अजून तिथंच बसते. पंखा अजून बंद आहे. परवा बसस्टॉपवर भेटली, डोळे लाल, हाताला थिनरचा वास. मी तिला विचारलं, "तुझ्या जबानीत त्यानं काय लिहिलं?" ती म्हणाली, "माका काय ठावक? मी पण घुंवळच म्हटलेला." आणि मग तिचा चेहरा बदलला. तिला तोवर हे सुचलंच नव्हतं. उभ्या उभ्या तिनं तोंडावर हात ठेवला.

मी दुसरं अपील घातलंय, ह्या खात्याच्या बाहेर, वरच्या आयोगाकडे. तिथं वेळ लागतो म्हणतात. लागू दे. तिथं मला विचारतील, बाई, दुरुस्ती मिळत होती तर घेतली का नाही? तर मी सांगणार आहे. मला दुरुस्ती नको. मला तोच कागद पाहिजे. त्यांनी लिहिला तसा, नशेसकट, न लिहिलेल्या पंख्यासकट, इन्स्पेक्टरच्या सहीसकट. साफ केलेला कागद घेऊन मी काय करू? साफ करण्याचं काम मी पुष्कळ केलं, वाकडी अक्षरं पुसायचं. आता पुसणार नाही.

तो कागद हातात आला की मी पॅकिंगच्या गेटवर जाणार. शिफ्ट सुटते तेव्हा. दर्शनाला आणि त्या दोघींना उभं करून एकेक ओळ वाचून दाखवणार, आणि मग तिघींचे अर्ज लिहायला बसणार. प्रत्येकीचा वेगळा. प्रत्येकीनं आपलं बोललेलं परत मागायचं. दर्शना अजून हो म्हणालेली नाही. मी रोज विचारणार आहे.